तोरणाखालून पहिली जोडी कोणाची?

पोळ्याच्या दिवशी दुपार कलली की आमच्या गावच्या आखरावर बैलजोड्या येऊ लागतात. बेगड लावलेली शिंगे, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ आणि आदल्या दिवशी हळद-लोण्याने शेकलेले खांदे अशा थाटात त्या एका ओळीत उभ्या राहतात. समोर दोन खांबांना आंब्याच्या पानांचे तोरण बांधलेले असते. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हटल्या जातात, "हर बोला हर हर महादेव" असा पुकारा होतो आणि त्यानंतर तोरणाखालून जी पहिली जोडी निघते ती पाटलाची असते. ट्रॅक्टर आल्यापासून गावात जोड्या मोजक्याच उरल्या आहेत, आणि ज्या घराला पाटलाचे घर म्हणतात त्या घराकडे आता पाटीलकीचे कोणतेही काम नाही. तरीही पहिल्या जोडीचा प्रश्न दरवर्षी तितक्याच गांभीर्याने निघतो. आमच्याकडे पाटलांच्या दोन पाती, म्हणजे शाखा, आहेत, थोरली आणि धाकटी. एका वर्षी थोरल्या पातीची जोडी पुढे आणि दुसऱ्या वर्षी धाकट्या पातीची, असा जुना ठराव आहे. मी धाकट्या पातीचा. यंदा पाळी कोणाची यावरून बाचाबाची झाली आणि तोरणाखाली चांगला अर्धा तास खोळंबा झाला. त्या अर्ध्या तासात मनात आलेला विचार असा की, जे पद कायद्याने कधीच मोडीत निघाले, त्याचा मान इतका चिवट कसा राहिला? तेव्हापासून घरातील जुन्या कागदांचा रुमाल सोडून बसलो, जुन्या माणसांशी बोललो, आणि जे समजले ते इथे मांडत आहे.

वऱ्हाडात ही पदे किती जुनी आहेत याचा एक पक्का पुरावा अकबराच्या दरबारात तयार झालेल्या 'आईन-इ-अकबरी'त सापडतो. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांच्या ताब्यात गेले आणि अबुल फजलने आपल्या ग्रंथात वऱ्हाड सुभ्याचे वर्णन केले. त्यात तो आवर्जून सांगतो की इकडे चौधरीला देशमुख म्हणतात, कानूनगोला देशपांड्या म्हणतात, मुकद्दमाला पाटील म्हणतात आणि पटवाऱ्याला कुळकर्णी म्हणतात. उत्तरेतून आलेल्या कारभाऱ्यांना ही नावे नवी वाटली, म्हणून त्यांची नोंद झाली. परंतु त्या एका वाक्यात आपल्या गावगाड्याची आणि परगण्याची, म्हणजे अनेक गावांच्या गटाची, सगळी उतरंड आली आहे. परगण्याच्या पातळीवर वसुलीची आणि बंदोबस्ताची जबाबदारी देशमुखाकडे, परगण्याचे हिशेब व दफ्तर देशपांड्याकडे; गावाच्या पातळीवर तेच काम अनुक्रमे पाटील आणि कुळकर्णी यांच्याकडे. गंमत अशी झाली की अबुल फजलने ज्याचे भाषांतर करून दिले तो 'पटवारी' हा शब्दच पुढे विदर्भात रुजला. राज्याच्या इतर भागांत तलाठी म्हणतात, आमच्याकडे आजही म्हातारा शेतकरी सातबारा आणायला निघाला की "पटवाऱ्याकडे जाऊन येतो" असेच सांगतो.

देशमुख हे आज आपल्याला आडनाव वाटते, परंतु ते मुळात पद होते, आणि याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्याच मुलखातले आहे. सिंदखेडचे लखुजी जाधवराव, म्हणजे जिजाऊंचे वडील, हे आडनावाने जाधव आणि वतनाने, म्हणजे वंशपरंपरेच्या हक्काने, सिंदखेड परगण्याचे देशमुख होते. राजवटी बदलत, सुभेदार येत आणि जात, निजामशाही जाऊन मोगलाई येई. देशमुख मात्र जागच्या जागी राहत असे, कारण कोणते गाव किती पिकते, कोणाला किती सूट दिली तर तो पुन्हा उभा राहील, कोणत्या वाटेने फौज जाते आणि कोणत्या गावात अडते, हे ज्ञान त्याच्याकडे पिढीजात असे. अठराव्या शतकात वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले अशी दुहेरी वसुली चाले, तिला दोअमली म्हणत. एकाच रयतेकडून दोन सत्ता महसूल नेत असताना मधल्या मध्ये हिशेब जुळवणारा माणूस किती मोलाचा ठरला असेल आणि त्याच्या हातून रयतेचे किती बरेवाईट झाले असेल, याची कल्पना करता येते. वऱ्हाडातल्या कितीतरी गावांत पांढऱ्या मातीच्या गढ्या उभ्या आहेत, त्या याच काळाच्या आठवणी आहेत. आमच्या शेजारच्या गावातील गढीचा आता एक बुरूज तेवढा शिल्लक आहे. बाकीची माती लोकांनी घरांच्या छपरांवर टाकायला आणि शेतात खत म्हणून नेली.

ही झाली वसुलीची बाजू. परंतु माझे लक्ष वेधले ते या पदांच्या न्यायाच्या बाजूने. आमच्या घरातील रुमालात एक लांबलचक चिकटवलेला मोडी कागद आहे. त्याचा वरचा भाग वाळवीने खाल्ला आहे, त्यामुळे साल कळत नाही. मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांना तो दाखवला तेव्हा त्यांनी सांगितले की हा महजर आहे, म्हणजे भांडणाचा निवाडा करण्यासाठी भरलेल्या सभेचा निर्णयपत्र. भांडण होते दोन गावांच्या शिवेवरील एका नाल्याच्या काठच्या जमिनीचे. अशा कागदांची ठेवण ठरलेली असे. आधी 'हाजिर मजालस' या शब्दांखाली सभेला कोण कोण हजर होते त्यांची नावे. मुसलमानी अमलात परगण्याचा काजी असला तर त्याची मोहर सगळ्यांच्या वर. मग देशमुख, देशपांडे, आजूबाजूच्या गावांचे पाटील, कुळकर्णी आणि त्यानंतर बलुतेदार. वादी काय म्हणाला, प्रतिवादी काय म्हणाला, साक्षी काय निघाल्या आणि गोताने काय ठरवले हे क्रमाने लिहिलेले असे. या सभेला गोतसभा म्हणत आणि 'गोत' या शब्दात जातीपातीच्या पलीकडे त्या पांढरीवर, म्हणजे गावठाणात, राहणारे सगळे हक्कदार येत.

त्या कागदाच्या तळाशी जे आहे ते मी कितीतरी वेळ पाहत बसलो होतो. लिहिता न येणाऱ्या माणसांनी सहीच्या जागी आपापल्या धंद्याची खूण काढलेली आहे. पाटलाच्या नावापुढे नांगर, न्हाव्याच्या नावापुढे आरसा, कुंभाराच्या नावापुढे चाक, आणि महाराच्या नावापुढे दोरी. नांगराची रेघ जाड आणि थोडी वाकडी आहे, लेखणी हाताळण्याची सवय नसलेल्या हाताने ती दाबून काढली असावी. चाकाचे वर्तुळ मात्र आश्चर्य वाटावे इतके गोल आहे. ही खूण म्हणजे निव्वळ सही नव्हती. "हा निवाडा मी ऐकला, मला मान्य आहे, आणि उद्या कोणी हा मोडला तर मी साक्ष देईन" असा तिचा अर्थ होता. गावाबाहेरचे कोणतेही न्यायालय नसताना निवाडा टिकत असे तो या खुणांच्या जोरावर. अर्थात, हे सगळे फार सुरळीत चाले असा माझा दावा नाही. साक्षीने निकाल लागला नाही तर दिव्य करावे लागे. उकळत्या तेलातून हाताने धातूचा तुकडा काढायचा आणि हात भाजला तर खोटा ठरायचे, अशा पद्धतीला आज कोणी न्याय म्हणणार नाही. तसेच स्त्रियांची नावे अशा सभेत हक्काची फिर्याद घेऊन आलेल्या एखाद्या विधवेपलीकडे क्वचितच दिसतात.

त्या दोरीच्या खुणेपाशी मला जास्त थांबावेसे वाटते. शिवेच्या वादात शेवटचा शब्द पाटलाचा किंवा देशमुखाचा नसे, तो महाराचा असे. शीव कुठून जाते, कोणत्या बाभळीपाशी वळते, कोणता दगड खरा आणि कोणता कोणीतरी रात्री सरकवलेला, हे पिढ्यान्‌पिढ्या फिरून फिरून त्याला ठाऊक असे आणि त्याच्या साक्षीवर दोन गावे आपली हद्द कबूल करीत. या व्यतिरिक्त वेशीची राखण, चावडीवरील हजेरी, वसुलीचा पैसा तालुक्याच्या ठिकाणी पोचवणे, अंमलदारांबरोबर वाटाड्या म्हणून जाणे, मयताची खबर पावसापाण्यात दुसऱ्या गावी नेणे आणि मेलेली ढोरे ओढून नेणे ही कामेही त्याच्याच माथी होती. त्याच्या बदल्यात खळ्यावर मिळणारे ज्वारीचे बलुते, थोडी वतनी जमीन आणि काही मानाचे हक्क. बिदरच्या बादशहाने अमृतनाकाला बावन्न हक्क दिले अशी महारांमधील जुनी परंपरा सांगते. वऱ्हाडात होळीच्या वेळी आधी महारवाड्यातील होळी पेटे आणि तिचा विस्तव आणून गावची होळी पेटवली जाई. हा मान होता यात शंका नाही. पण ज्याच्या विस्तवावाचून गावची होळी पेटत नव्हती, त्याला त्याच गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, आणि ही गोष्ट बाजूला ठेवून या पदांचा इतिहास सांगणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयी जे विधेयक मांडले, ते मुंबई इलाख्यापुरते होते आणि वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होते. परंतु त्यामागचे दुखणे आमच्याकडेही हुबेहूब तेच होते: वतनाच्या नावाखाली चोवीस तासांची चाकरी, ती कुटुंबातील एकाची नसून सगळ्यांची, आणि मोबदला इतका तुटपुंजा की त्यासाठी पुन्हा शेतकऱ्यांच्या खळ्यावर हात पसरावा लागे.

इंग्रजांच्या अमलात ही पदे एका फटक्यात गेली नाहीत. त्यांच्यातील काम हळूहळू काढून घेतले गेले. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिसरे रघूजी भोसले वारल्यावर नागपूरचे राज्य खालसा झाले. म्हणजे वर्धा नदीच्या दोन्ही काठांवर एकाच सुमारास एकच सत्ता आली, पण तिने दोन काठांवर दोन वेगळे बंदोबस्त केले, आणि त्याचे परिणाम आजही बोलण्यात सापडतात. नदीच्या पश्चिमेला, वऱ्हाडात, रयतवारी आली. सरकार आणि खातेदार यांच्यात मधला मालक राहिला नाही, पाटील हा सरकारचा वसुली करणारा गावकामगार झाला. पूर्वेला, नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा या बाजूला मालगुजारी आली आणि जो पूर्वी गावाचा मुख्य किंवा वसुलीचा ठेकेदार होता तो गावाचा मालकच ठरला. म्हणून आमच्याकडच्या गोष्टींत "पाटील" येतो आणि नदीपलीकडच्या गोष्टींत "मालगुजार". भंडारा-गोंदियाकडे जे मामा तलाव आहेत ते कोणा मामाचे नव्हेत, ते 'माजी मालगुजारी' तलाव. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली, तलाव सरकारकडे गेले, आणि त्या पदाची आद्याक्षरे तेवढी पाण्यावर राहिली.

वऱ्हाडातील रयतवारी मोजणीने आणखी एक गोष्ट केली, जिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, बांधांवर मोजणीचे दगड रोवले गेले आणि नकाशे तयार झाले. ज्या क्षणी शीव कागदावर आली, त्या क्षणी शीव पाठ असलेल्या माणसाच्या साक्षीचे वजन संपले. महाराकडे जे एकच काम असे होते की ज्यात गावाला त्याच्यापुढे मान तुकवावी लागे, तेच आधी गेले. वेशीवरचे, चावडीवरचे आणि ढोरे ओढण्याचे काम मात्र जसेच्या तसे राहिले. देशमुख-देशपांड्यांचेही काम तहसीलदाराकडे गेले, परंतु त्यांना रुसूम, म्हणजे हक्काचे ठराविक उत्पन्न, मिळत राहिले, म्हणजे काम गेले आणि उत्पन्न काही अंशी टिकले. पाटलांत मुलकी (वसुलीचा) पाटील आणि पोलीस पाटील अशी विभागणी झाली. आमच्या घरातले वडीलधारे आबाजी सांगत असत की थोरल्या पातीकडे मुलकी आणि आमच्याकडे पोलीस अशी वाटणी आमच्या गावात बराच काळ होती, आणि तोरणाची पाळीही बहुधा तेव्हाच ठरली.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलांचे पद रद्द झाले. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हे पद वंशपरंपरेतून सुटले; आता परीक्षा होते, मुलाखत होते आणि उपविभागीय दंडाधिकारी ठराविक मुदतीसाठी नेमणूक करतात. आमच्या गावच्या सध्याच्या पोलीस पाटील एक बाई आहेत आणि त्या दोन्हींपैकी कोणत्याही पातीच्या नाहीत. गावात कोणी विषारी औषध घेतले, विहिरीत प्रेत सापडले, दोन घरांत काठ्या निघाल्या, तर रात्री दोन वाजता ठाण्यात खबर देतात त्या. दवंडी देणारा आणि तहसीलचे कागद घरोघर पोचवणारा कोतवाल आहेच. अलीकडे त्याचे नाव बदलून महसूल सेवक झाले आहे. पाटीलकीतील आणि वेसकरकीतील, म्हणजे महारांकडच्या वेशीच्या चाकरीतील, जे काम खरोखर गरजेचे होते ते आजही होते आहे, ते करणारी माणसे मात्र वेगळी आहेत. या बाईंना तोरणाजवळ बोलावण्याचे यंदा कोणालाही सुचले नाही, मलाही नाही, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

पोळ्यानंतर चार दिवसांनी मी गावातील एका निवृत्त कोतवालांकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू, पण आठवण लख्ख. त्यांच्या घराण्याकडे पूर्वी वेसकरकी होती. दारात गेल्याबरोबर त्यांनी आतून खाट आणायला लावली आणि चहा आल्याशिवाय विषय काढू दिला नाही. महजरावरील दोरीच्या खुणेचा फोटो मी मोबाइलवर मोठा करून दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन पुष्कळ वेळ पाहिला आणि विचारले, "आमचीच आहे का हे?" त्याच घराण्याची असावी, कारण नाव त्यांच्या खापरपणजोबांच्या नावाशी जुळते, असे मी सांगितले. मग मी होळीच्या विस्तवाचे विचारले.

ते म्हणाले, "मान म्हनून देत होते, पन तो घेतला का मेलेलं ढोर वढाचं कामबी घ्याच लागे. माह्या बापानं दोन्ही एकाच दिवशी टाकून देल्लं."

तो दिवस १९५६ च्या दसऱ्यानंतरचा होता. १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली, त्यांचे वडील काही मंडळींबरोबर पायी आणि पुढे रेल्वेने गेले होते, आणि परत आल्यावर त्यांनी चावडीवर जाऊन सांगितले की यापुढे ढोरे ओढणार नाही, खळ्यावर बलुते मागायला येणार नाही आणि होळीचा विस्तवही देणार नाही. गावाने पहिल्या दोन गोष्टींवर राग धरला, पण सर्वांत जास्त गोंधळ तिसऱ्या गोष्टीवर झाला असे ते सांगत होते. त्या वर्षी फाल्गुनात गावची होळी कोणाच्या विस्तवाने पेटवायची यावर पाटलाच्या ओसरीत रात्रभर खल चालला होता आणि शेवटी कोणीतरी मुकाट्याने काडी ओढली.

हे ऐकताना पोळ्याच्या दिवशीचा तो अर्धा तास माझ्यापुढे पुन्हा उभा राहिला. मान आणि काम हे एकाच गाठोड्यात बांधलेले होते, हे त्यांच्या वडिलांनी नेमके ओळखले आणि ते सगळे गाठोडे खाली ठेवले. आमच्या घराने काम सरकारने काढून घेईपर्यंत ठेवले, आणि ते गेल्यावरही मान तेवढा हातात घट्ट धरून ठेवला. पाटलाची जोडी पहिली निघत असे, कारण दुष्काळात, दरोड्यात, पटकीच्या साथीत गावातून पहिला जबाब त्याला द्यावा लागे. आज तो जबाब आम्ही देत नाही. मी ही गोष्ट थोरल्या पातीच्या काकाजींपाशी काढली. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग एवढेच म्हणाले की पुढच्या पोळ्याच्या आधी दोन्ही पातींनी एकत्र बसावे आणि पोलीस पाटील बाईंनाही बोलवावे. बाईंकडे बैल नाहीत, हे त्यांनीच पुढे आठवून सांगितले, आणि स्वतःची जोडी त्यांच्या हाती द्यायला हरकत नाही असेही म्हणाले. मी त्यांना तसे लिहून ठेवायला सांगितले आहे.

निघताना त्या निवृत्त कोतवालांनी मला थांबवले आणि विचारले की महजरातील नाला कोणता. मी वर्णन वाचून दाखवले. त्यांनी हातानेच हवेत वळण दाखवले आणि सांगितले की तिथे तीन दगड होते, दोन कालव्याच्या खोदकामात गेले आणि तिसरा अजून बाभळीच्या बुंध्यात रुतलेला आहे, पावसाळा सरला की दिसतो. दिवाळीनंतर नातवाला मोटारसायकल काढायला सांगून आम्ही दोघे तिकडे गेलो. त्यांना दिसत नव्हते, तरी बांधावर उतरल्यावर काठीने माती चाचपत ते माझ्या पुढे चालले, आणि तिसऱ्या बाभळीपाशी काठी दगडावर वाजली.